पक्षी पडत नाही

आर्नोकाकाला मार्चमध्ये कॉर्पस क्रिस्टीला पुरलं. त्यानंतर टीमान घराण्यातली सगळी माणसं पुन्हा एका जागी आली ती थेट जुलैत, नेमबाजीच्या उत्सवाला. मयताला जमलेल्यांना काय बोलावं ते सुचत नाही आणि उत्सवाला जमलेल्यांना कुठे थांबावं ते कळत नाही. आमच्या वाल्डेकर क्रीक गावात दुसऱ्या जातीची माणसं जास्त.

सकाळी आठच्या सुमारास व्हर्ना क्लबच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये बटाटे सोलत होती. दोनशे माणसांचं सॅलड करायचं होतं. सहा वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन ती आईबापांकडे परत आली, तेव्हापासून "घरी आहेसच तर" एवढ्या बोलण्यावर घराण्यातलं निम्मं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने यावर चिडायचं किती, म्हणून ती आता चिडत नसे. शेजारी तिची वहिनी डोरिस कोबी चिरत होती.

एर्विन, व्हर्नाचा थोरला भाऊ, हातात कागद घेऊन आला. तो यंदाचा नेमप्रमुख. छातीवर बिल्ला लावला की त्याची मान दोन इंचांनी ताठ व्हायची.

"तुझा नंबर पंधरा," तो म्हणाला. "पप्पांचा चौदा."

"चिठ्ठ्या तर दहा वाजता काढायच्यात."

"काढून झाल्या."

"कधी?"

"काल. आमच्या घरी."

व्हर्नाने सुरी खाली ठेवली. "उत्सवाच्या चिठ्ठ्या तू आपल्या स्वयंपाकघरात काढल्यास?"

"बैठकीच्या खोलीत," डोरिस म्हणाली. "मी कॉफी दिली ना."

"तू जरा गप्प बसशील?" एर्विन बायकोला म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "नीट ऐक. मुकुट, डोकं, पंख, शेपटी ज्याला जे पाडायचं ते पाडू दे, बक्षिसं घेऊ दे. पण नुसतं धड राहिलं की पुढे सगळ्यांनी चुकवायचं. तेवीसच्या तेवीस जणांशी बोलून झालंय. तू शेवटची."

"आणि चोविसावे पप्पा."

"चोविसावे पप्पा."

पुढचं सांगायची गरज नव्हती. खांबावरच्या लाकडी पक्ष्याचा शेवटचा तुकडा जो पाडतो तो वर्षभराचा राजा. त्याच्या नावाची चांदीची पट्टी क्लबच्या साखळीत कायमची बसते. त्या साखळीत आजोबांच्या तीन पट्ट्या होत्या, आर्नोकाकाची एक, एर्विनच्या दोन. पप्पा म्हणजे हिल्मार टीमान गेली पन्नास वर्षं नेम धरत होता, त्याची एकही नव्हती. आता तो शहात्तर वर्षांचा झाला होता. मे महिन्यात सॅन अँटोनियोच्या डॉक्टरने सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत नजरेच्या बरोबर मधोमध डाग पडलाय आणि तो वाढतच जाणार. ज्या वस्तूकडे थेट बघावं नेमकी तीच दिसत नाही, कडेकडेचं सगळं दिसतं. ऑगस्टपासून ट्रकची किल्ली आणि रायफल दोन्ही काढून घ्यायची, असं मुलांचं ठरलं होतं. ते बापाला सांगायचं कोणी, हे ठरलं नव्हतं.

"त्यांना कळेल," व्हर्ना म्हणाली.

"कसं कळेल? त्यांना समोरचा माणूस ओळखू येत नाही."

"डोळ्यांनी नाही कळणार रे."

"मीही हेच म्हणत होते," डोरिस म्हणाली. "तर मला म्हणाला, आमच्या घरातलं तुला कळत नाही. तीस वर्षं झाली लग्नाला. कधी कळायला लागेल तेवढं सांगून ठेवा, म्हणजे मी तारीख लिहून ठेवते."

इतक्यात धाकटा एल्रॉय पक्षी घेऊन आला. यंदा पक्षी करायची पाळी त्याची होती. सॅन अँटोनियोत एअरकंडिशनर बसवणाऱ्या माणसाच्या मानाने काम चांगलं झालं होतं. पसरलेले पंख, डोक्यावर लाल मुकुट, सगळं रंगवलेलं. पण तो पक्ष्याला धरून असा चालत होता, जणू काही आत पाणी भरलंय.

"हळू, हळू," एर्विन म्हणाला.

व्हर्नाने पक्षी त्याच्या हातून घेतला आणि उलटा केला. पाठीत, धडाच्या मधोमध, बोटभर रुंदीची मेणाची रेघ होती. वर काळा रंग फासलेला.

"हे काय आहे?"

"करवत लागली," एल्रॉय म्हणाला. "चुकून."

"आणि मेणही चुकून भरलंस?"

एल्रॉयने थोरल्या भावाकडे पाहिलं. लहानपणापासून त्याची ती सवय होती. खिडकीची काच फुटली की आधी एर्विनकडे बघायचा आणि मग मार खायचा.

"काय चाललंय?" लिना दारात उभी होती. हातात कॉफीचं भांडं.

"काही नाही, आई," तिघं एकदम म्हणाली.

"काही नाही म्हणायला तिघं लागत नाहीत." तिने भांडं टेबलावर ठेवलं. पक्ष्याची पाठ पाहिली, एर्विनच्या हातातला कागद पाहिला आणि पदर नसलेल्या बायका जे करतात ते केलं, म्हणजे एप्रनला हात पुसले. "व्हर्ना, भाऊ सांगतोय तसं कर."

व्हर्नाला वाटलं होतं, आई आपल्या बाजूने बोलेल. नवऱ्याच्या बंदुकीत दुसऱ्याने तेल घातलेलंसुद्धा लिनाला खपत नसे.

"आई, ही फसवणूक आहे."

"असेल. होऊ दे त्याला एकदा राजा." लिना बटाट्यांच्या सालांकडे बघत म्हणाली. "ह्या घरावरचं ते एकदा उतरू दे."

"काय उतरू दे?"

लिनाने पेले जवळ ओढले. कॉफी ओतायला घेतली.

मग व्हर्ना म्हणाली, "बरं. चुकवीन," आणि पुढचा बटाटा उचलला. तिला ते मुळीच पटलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी क्लबने बायकांना नेम धरू दिल्यापासून तिची एकही गोळी वाया गेली नव्हती, आणि हे एर्विनइतकं कोणालाच खुपत नव्हतं.

*

एर्विनचं म्हणणं असं, की बेत उत्तम होता आणि दुपारपर्यंत उत्तम चालला. साडेदहाला बिगुल वाजलं. मुकुट खाटकाने पाडला. डोकं पाडलं शाळेच्या मास्तरांनी, त्यांना अख्खं हॅम मिळालं. डावा पंख उडाला तेव्हा बँडने सलामी दिली, उजवा उडाला तेव्हा निम्मा बँड सॉसेजच्या रांगेत होता. अडीचपर्यंत शेपटीही गेली आणि साठ फुटी खांबाच्या टोकाला, आडव्या फळीवर, नुसतं धड उरलं.

आणि मग चुकवायला सुरुवात झाली.

आमच्या गावात माणसाला नेम धरता येतो, पण नाटक करता येत नाही. कुनो शेल्पर ऐंशीला टेकलेला, पण त्याच्या हाताला अजून कंप नाही. त्याची गोळी खांबापासून हातभर लांबून गेली. तो बंदूक उतरवून "सूर्य डोळ्यांवर आला" म्हणाला. सूर्य पाठीमागे होता. खाटकाला बार काढताना शिंक आली, ती बार काढून झाल्यावर आली. पाद्रीसाहेबांनी गोळी ढगात सोडली आणि टोपी काढून पक्ष्याची क्षमा मागितल्यासारखं केलं.

एरवी चुकलेली गोळी म्हणजे आमच्याकडे अर्ध्या तासाची करमणूक. वारा कसा फिरला, वाळूची पिशवी कशी सरकली, बोट कसं घामट होतं, हे चुकवणारा बिअर संपेपर्यंत सांगत बसतो. त्या दिवशी कोणी काही सांगेना. जो तो बार काढून खाली मान घालून बाकावर जाऊन बसत होता. टीमान घराण्यात चुकलेल्या गोळीबद्दल कधीच न बोलणारा एकच माणूस होता, तो म्हणजे हिल्मार. मुलं म्हणायची, पप्पांचा स्वभावच तसा.

हिल्मारची पाळी आली. एल्रॉयने त्याला हाताला धरून बंदूक टेकवायच्या टेकूपाशी नेलं, तर त्याने हात सोडवून घेतला. बार काढला. गोळी डावीकडून गेली. दुसऱ्या फेरीतही डावीकडून, तिसऱ्या फेरीतही.

"ह्यांच्यासाठी अख्खं गाव थांबलंय आणि ह्यांना दिसत नाही," एर्विन एल्रॉयच्या कानाशी लागला. "आता काय करायचं?"

"लागेल. कधीतरी लागेलच."

"किती खोल कापलंयस?"

"तूच म्हणालास ना, फुंकर मारली तरी पडला पाहिजे."

एर्विनने पश्चिमेकडे पाहिलं. टेकड्यांमागून निळाकाळा ढग वर येत होता आणि पेकानच्या झाडांचे शेंडे हलायला लागले होते. साठ फुटांवर वारा आधी पोचतो. पक्षी वाऱ्याने पडला तर त्या वर्षी राजा नाही आणि नाच नाही, असा क्लबचा नियम. शंभरावर वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. झालं, तर नेमप्रमुख म्हणून नाव एर्विनचं लागणार होतं.

पाच वाजले. भट्टीवरची सॉसेजं सुकायला लागली. बँडने तेच कूचगीत सहाव्यांदा वाजवलं. कुनो शेल्पर चौथी गोळी चुकवून परत आला आणि एर्विनच्या शेजारी उभा राहिला.

"छप्पन साल आठवतं का रे?"

"तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. न आठवायला काय झालं?"

"तेव्हाही असंच. पडेचना."

छप्पन साल म्हणजे दुष्काळाचं सातवं वर्ष. क्रीकच्या ओढ्यात दगड होते, पाणी नव्हतं. जो राजा होतो त्याने रात्री साऱ्या गावाला जेवण घालायचं, हा रिवाज. आणि त्या वर्षी गावाला जेवण घालायची कोणाचीच ऐपत नव्हती. उत्सव बंद ठेवू म्हणायचा धीर एकालाही झाला नाही. तेव्हा सगळे आले, सगळ्यांनी नेम धरला आणि सगळ्यांनी चुकवलं. शनिवारभर चुकवलं, रविवारभर चुकवलं. रविवारी संध्याकाळी आर्नो टीमान, हिल्मारचा धाकटा भाऊ, टेकूपाशी गेला आणि "मला बुवा भूक लागलीय" म्हणून त्याने पक्षी खाली आणला. त्या रात्री त्याने आपल्याकडचा एकुलता एक बैल कापला. पुढच्या वसंतात तो जमीन भावाच्या नावावर करून कॉर्पस क्रिस्टीच्या तेल कारखान्यात गेला, तो काही राहायला परत आला नाही. घरात ही गोष्ट "आर्नोची मिजास" म्हणून सांगायचे. एर्विनने स्वतःच्या मुलांना ती तशीच सांगितली होती.

"तेव्हा निदान सगळ्यांना भूक होती," कुनो म्हणाला. "आज कशासाठी चाललंय, तुझं तुला माहीत." आणि तो बिअर आणायला गेला.

*

हिल्मार बाकावर बसून होता. पक्षी त्याला दिसत नव्हता. खांब दिसायचा, ढग दिसायचा, आणि जिथे पक्षी असायला हवा तिथे मळकट काचेवर बोट फिरवल्यासारखा डाग. पण कान शाबूत होते.

त्याने अठरा बार नुसते ऐकले. नेम धरणारा माणूस श्वास रोखतो आणि मग क्षणभर सगळं थांबतं. ती शांतता किती लांब असते ते हिल्मारला पाठ होतं. आज ती येतच नव्हती. माणसं येत होती, टेकूवर वाकत होती आणि श्वास घेता घेता बार काढत होती. असे बार हवेत कुठे जातात ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"व्हर्ना," त्याने हाक मारली. ती लिंबूपाण्याचा पेला घेऊन आली. "बस. किती जणांना सांगितलंय एर्विनने?"

"काय सांगितलंय?"

"तुला नेम धरायला मी शिकवलं. खोटं बोलायला कोणी शिकवलं?"

व्हर्ना त्याच्याशेजारी बसली. "सगळ्यांना, पप्पा."

"पाद्रीलासुद्धा?"

"ते आधी नको म्हणत होते. मग म्हणाले, चुकवणं पाप आहे असं कुठे लिहिलेलं नाही."

हिल्मार हसला नाही. "मी सत्तावीस वर्षं चुकवतोय, पोरी. चुकवणारा माणूस मी पाठमोरा ओळखेन."

व्हर्नाला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "सत्तावीस वर्षं?"

"छप्पनला माझा नंबर आर्नोच्या आधी होता. पक्षी एका ढलपीवर लोंबत होता. मला स्वच्छ दिसत होता. धडातल्या खिळ्याचं डोकंसुद्धा दिसत होतं. मी नळी डावीकडे नेली, एवढीशीच." त्याने अंगठा आणि बोट यांत अंतर करून दाखवलं. "माझ्या गोठ्यात त्या वर्षी चार बैल होते. आर्नोकडे एक."

  इतकी वर्षं व्हर्नाने ऐकलं होतं, आर्नोकाका उधळ्या आणि पप्पा हिशेबी. त्यातलं किती आता परत ऐकावं लागणार, असं तिच्या मनात आलं.

"त्याच्यानंतर कोणत्या तोंडाने पाडू? दर वर्षी जायचं, पंखबिंख उडवायचे आणि शेवटची गोळी डावीकडे सोडायची. सवय झाली. आता ही पोरं मला राजा करायला निघाली आहेत."

"तूच का एकटा?" मागून आवाज आला. लिना कधी येऊन उभी राहिली होती ते दोघांनाही कळलं नव्हतं. "माझंही नाव सांग की तिला."

"लिना, राहू दे."

"का राहू दे? सत्तावीस वर्षं राहू दिलंच ना." ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. "व्हर्ना, त्या रविवारी सकाळी मी ह्याला गोठ्यापाशी गाठलं. म्हटलं, पोरांच्या तोंडचा घास काढून गावाला घातलास तर मी माहेरी निघून जाईन. हा गेला आणि त्याने चुकवलं. मीच चुकवलं म्हण. आणि झाकली मूठ म्हणून दोघं गप्प बसलो."

कोणीतरी बार काढला. लोक "अरेरे" म्हणाले, सवयीने.

"अजून एक आहे," लिना म्हणाली. तिचा आवाज बसल्यासारखा झाला. "फेब्रुवारीत मी आर्नोला बघायला गेले होते. तू गुरांमुळे आला नाहीस. त्याने मला विचारलं, हिल्मार अजून डावीकडेच मारतो का?"

हिल्मारने मान वळवली. बायकोचा चेहरा नीट दिसावा म्हणून त्याला तिच्या कानाकडे बघावं लागलं.

"त्याला माहीत होतं?"

"तुझ्या पाठीमागेच तर उभा होता तो. त्याला नाही कळणार? हसत होता रे. म्हणाला, सांग त्याला, आता पुरे. पाड म्हणावं एकदाचा."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"धीर झाला नाही." लिनाला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. "सांगितलं तर तू मलाच विचारशील, की मग सत्तावीस वर्षं कशाला गेली? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आज सकाळी पोरांचा डाव कळला, म्हटलं न सांगताच होऊन जाईल."

हिल्मारने गुडघ्यांवर हात टेकले. मग टोपी डोक्यावर नीट बसवली आणि उठला.

"कितवा चाललाय?"

"बारावा," व्हर्ना म्हणाली.

"वारा सुटलाय. चल."

*

तो टेकूपाशी गेला तेव्हा एल्रॉयने पुढे येऊन वाळूची पिशवी सारखी केली. हिल्मारने ती परत आपल्या मनासारखी केली. वर पक्षी हलत होता. आता खालूनही दिसत होतं, दर झुळकीला धड फळीवर किंचित पुढे झुकून मागे येत होतं. ज्यांना करवतीबद्दल माहीत होतं त्यांनी श्वास धरला होता, ज्यांना माहीत नव्हतं ते आभाळाकडे बघत होते.

व्हर्ना दोन पावलं मागे उभी होती, पुढचा नंबर तिचा म्हणून. जिथे छप्पन साली आर्नोकाका उभा असेल तिथे. तिने बापाची पाठ पाहिली. त्याने डोकं थोडं तिरकं केलं, पक्ष्याकडे न बघता पक्ष्याशेजारच्या ढगाकडे बघितलं. खांदे खाली आले आणि पाठीचं वर-खाली होणं थांबलं.

त्याने श्वास रोखला होता.

देवा, लागू दे, असं व्हर्ना मनात म्हणाली. मोठेपणी तिने देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. हे मागितलं.

बार झाला. लाकूड तडकल्याचा आवाज आला, आडव्या फळीच्या कडेची कपची उडाली. पक्षी हलला, पुढे झुकला, मागे गेला. जागच्या जागी राहिला.

"अरेरे," लोक म्हणाले. ह्या खेपेला ते मनापासून म्हणाले.

हिल्मारने बंदूक खांद्यावरून उतरवायला वेळ लावला. मग रिकामं काडतूस काढून खिशात टाकलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"राहिला, पप्पा," व्हर्ना म्हणाली. "अजून एक गोळी घ्या. एर्विन काही म्हणणार नाही."

"प्रत्येकाला एक. पुढचा नंबर पंधरा ना?"

"हो."

"मग जा. श्वास रोख." तो बाजूला झाला आणि जाता जाता हळू म्हणाला, "नाहीतर हा वारा राजा व्हायचा."

व्हर्ना टेकूवर वाकली. डावीकडे एर्विन उभा होता. तो मान हलवत होता, नाही, नाही. एल्रॉय स्वतःच्या बुटांकडे बघत होता. पलीकडे डोरिसने दोन्ही हातांच्या मुठी छातीशी धरल्या होत्या, आणि ती मुळीच नाही म्हणत नव्हती. व्हर्नाने भावाला दिलेला शब्द आठवला, आणि तो मोडताना तिला काहीही वाटलं नाही.

तिने श्वास रोखला. पक्षी पुढे झुकला, मागे आला, आणि मागे येता येता तिच्या गोळीने दोन तुकडे होऊन खाली आला.

 कुनो शेल्परने टोपी हवेत फेकली आणि बँडला जाग आली.

"एक गोष्ट सांगितली होती तुला!" एर्विन गर्दीतून वाट काढत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "एकच! ते कशासाठी चाललं होतं, कळतंय का तुला? त्यांची शेवटची संधी होती ती."

"मीही तिला एकच सांगितली होती," हिल्मार म्हणाला. "तिने माझी ऐकली."

 बाप सगळं जाणून आहे, हे एर्विनच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने बिल्ल्याशी उगाच चाळा केला, आणि व्हर्नाला त्याची दया आली. त्याने हे सगळं प्रेमापोटीच केलं होतं.

एल्रॉयने पक्ष्याचे दोन्ही तुकडे आणले. हिल्मारने ते हातात घेतले. अंगठा फिरवता फिरवता तुटलेल्या कडेवर थांबला, जिथे निम्मं लाकूड करवतीने कापलेलं, गुळगुळीत होतं.

"कोणी केलं?"

"मी," एल्रॉय म्हणाला. ह्या वेळी त्याने एर्विनकडे पाहिलं नाही.

"असला पक्षी तर आर्नोने शिंकून पाडला असता." आणि हिल्मार हसायला लागला. सकाळपासून पहिल्यांदाच.

साखळी आणली गेली. शंभराच्या वर पट्ट्या, गळ्यात घातली की माणूस वाकतो. घालायचं काम नेमप्रमुखाचं. एर्विनने ती बहिणीच्या गळ्यात घातली, आकडा लावला आणि कडवटपणे नाही, खऱ्याच काळजीने म्हणाला, "व्हर्ना, राजा झालीस. पण आता गावाला जेवण? सॅलड आणि सॉसेज क्लबचं. रात्रीचं मुख्य जेवण राजाचं. तू कुठून आणणार?"

दोनशे माणसं समोर उभी होती. व्हर्नाकडे एक जुनी गाडी होती आणि बटाटे सोलून सुरकुतलेली बोटं. तिने तोंड उघडलं, पण हिल्मार आधी बोलला.

"गोठ्यात किती आहेत, एर्विन?"

"सहा."

"जेवण रात्री अकराला झालं तरी चालेल. एक बैल माझ्याकडून."

"पप्पा, राजा तुम्ही नाही झालात. तुमच्यावर कशाला?"

"माझ्यावरच आहे," हिल्मार म्हणाला. "बरीच वर्षं झाली." एर्विनला ते समजलं नाही. लिनाला समजलं, ती एप्रनला हात पुसत भट्टीकडे गेली. खाटक हॅम जिंकलेल्या मास्तरांना घेऊन ट्रककडे निघाला.

ढग पूर्वेला सरकला, पाऊस काही पडला नाही. नाचाची पहिली फेरी राजाची. व्हर्नाने जोडीला बापाला घेतलं. साखळी दोघांच्या मध्ये खुळखुळत होती. हिल्मारने वळता वळता एक एक पट्टी बोटांनी चाचपली, एका पट्टीवर बोट थांबलं, आणि व्हर्नाने खाली न बघताच ओळखलं ती कोणाची ते.

"पप्पा, शेवटची गोळी?"

"ती खरी होती."

"मला माहितीये. पाठीवरून कळलं."

नाचता नाचता त्याने विचारलं, "डावीकडून गेली?"

"नाही. उजवीकडे. फळीची कपची उडवलीत तुम्ही."

"किती राहिलं?"

"दोन बोटं."

"दोन बोटं," हिल्मार म्हणाला.

नाच संपल्यावर तो बाकावर गेला नाही. बिअर घेऊन थेट कुनो शेल्परच्या टेबलावर जाऊन बसला. अकरा वाजता मांस आलं तरी तो तिथेच होता, आणि वाळूची पिशवी कशी सरकली, त्याच वेळी वारा कसा फिरला, नाहीतर गोळी कशी बरोबर धडात बसली असती, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला हाताने अंतर दाखवून दाखवून सांगत होता.